योरिटच्या कानातली शिट्टी

१

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी योरिट किंचाळला, तेव्हा औक्या स्टेजच्या मागे उभी राहून हेरिंगचा पाव खात होती. पाव हातातून पडला तो पडलाच.

सत्तावीस वर्षं हार्लिंगन बंदरात पोलिसाची नोकरी केलेली बाई ती. किंकाळ्या तिला नवीन नव्हत्या. निवृत्त झाल्यावर तळ्याकाठच्या या संगीत-उत्सवाच्या सुरक्षेचं काम तिने घेतलं, ते इथे फार तर कुणी उन्हाने चक्कर येऊन पडेल, असं समजून. पण ही किंकाळी वेगळी होती. लोखंडी पायऱ्या ती दोन-दोन करून चढली.

योरिट फळ्यांवर गुडघे टेकून बसला होता. अनवाणी, दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबून. त्याचा जोडीदार वेसल त्याला खांद्यांना धरून हलवत होता.

"वेसल, बोल ना! काय म्हणतोयस? मला ऐकू येत नाहीये! काहीच ऐकू येत नाहीये!"

वेसलचा चेहरा पांढराफटक पडला होता.

वीस वर्षं हे दोघं डीजे म्हणून एकत्र वाजवत होते. जोडीचं नाव 'एब एन व्लूट', म्हणजे डच भाषेत ओहोटी आणि भरती. योरिट ओहोटी, वेसल भरती. त्यांच्या तालावर लिस्बनपासून सोलपर्यंत माणसं नाचली होती. आज संध्याकाळी सात वाजता विसाव्या वर्षाचा कार्यक्रम होता आणि तीस हजार लोक यायचे होते. आत्ता समोरचं मैदान रिकामं होतं. नुसती आवाजाची चाचणी चालली होती.

ध्वनितंत्रज्ञ रोकुस धावत आला. फेकून दिलेला हेडफोन त्याने उचलला. त्यातून अजून शिट्टी येत होती. सरळ, न थांबणारी, दातांत कळ जाईल अशी. त्याने ती बंद केली, तारेवरून बोट फिरवत टेबलामागे वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"बाई," तो म्हणाला, "डबी नाहीये."

"कसली डबी?"

"आवाज एका हद्दीपलीकडे जाऊ नये म्हणून मध्ये एक डबी लावतो आम्ही. ती असली की कानाला इजा होऊच शकत नाही. साडेबाराला मी स्वतः तपासली होती. कुणीतरी काढलीय."

म्हणजे हा अपघात नव्हता.

दहाच मिनिटांत डबी सापडली. शोधली फेनाने, या दोघांच्या व्यवस्थापक बाईने. ती रोकुसच्याच अवजारांच्या पेटीत होती, गुंडाळलेल्या तारांमध्ये.

२

हे दोघं औक्याला सोळा वर्षांचे असल्यापासून माहीत होते. बंदरावरच्या मासळीच्या गोदामात त्यांनी पहिली नाचगाण्याची रात्र भरवली, ती बंद पाडायला गेलेली हवालदार औक्याच होती. महिन्याभराने दुसरी भरवली, तीही तिनेच बंद पाडली. तिसऱ्या वेळी ती दारात उभी राहिली आणि पंधरा मिनिटं ऐकत राहिली. तेव्हापासून जगात कुठेही वाजवून आले तरी वेसल तिला 'हवालदारबाई' म्हणूनच हाक मारायचा.

आज त्याने हाक मारली नाही.

पोलिस चारपर्यंत पोचणार होते. तोवर औक्याने स्टेजचं दार बंद करवलं आणि दारावरच्या माणसाची वही पाहिली. साडेबारा ते एक-दहाच्या दरम्यान वर चारच माणसं गेली होती. योरिट, वेसल, फेना आणि रोकुस.

तिने आधी रोकुसला बोलावलं. पन्नाशीचा, जाड हातांचा माणूस.

"माझ्या पेटीला कुलूप नसतं," तो म्हणाला. "कुणीही टाकावं. आणि मला करायचंच असतं तर ती डबी तळ्यात नसती का फेकली? माझ्याच पेटीत ठेवायला मी काय खुळा आहे?"

"योरिटशी तुझं बिनसलं होतं म्हणे."

"बिनसायला तो बोलायला तर हवा! दीड-दोन वर्षं झाली, मागून हाक मारली तर ढुंकून बघत नाही. विनोद केला तर सगळे हसून झाल्यावर हसतो. मोठा माणूस झालाय ना. मी एकदा तोंडावर म्हणालो, 'साहेबांचे कान आता फक्त राजेराण्यांसाठी का?' तर असा बघत राहिला माझ्याकडे, की मलाच वाईट वाटलं."

"शिट्टी कुठून आली?"

"त्याच्याच पेनड्राइव्हवरून. पहिल्या गाण्याच्या जागी कुणीतरी ती भरून ठेवली होती. त्याने बटण दाबलं आणि..." रोकुसने डोकं हलवलं. "बाई, आवाजाची खुंटीसुद्धा शेवटापर्यंत फिरवलेली होती. असं कुणी माणसाला करतं का हो? वाजवणारा माणूस आहे तो!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. औक्याने असं पाणी पूर्वी गुन्हेगारांच्या डोळ्यांतही पाहिलं होतं.

३

फेना उभ्यानेच कॉफी पीत होती. तिसरा कप. फोन सारखा वाजत होता आणि ती तो कापत होती.

"मला कुणावर आळ घ्यायचा नाही," ती म्हणाली, आणि लगेच घेतला. "पण काल बसमध्ये वेसल त्याच्यावर ओरडत होता. मी बाहेर उभी होते. 'हे असं अजून किती दिवस चालवायचं? मला सगळं ठाऊक आहे,' असं म्हणत होता. दोन-तीनदा म्हणाला."

"आणि योरिट काय म्हणाला?"

फेना जरा विचारात पडली. "काहीच नाही. आवाज एकट्या वेसलचाच येत होता."

"वेसलला एकट्याने वाजवायचं होतं?"

"बर्लिनहून विचारणा होती, फक्त त्याला. चार वेळा नाही म्हणाला. पण नाही म्हणणाऱ्याच्या मनात काय असतं ते कुणाला दिसतं? वेसल आताशा विचित्र वागतो. इतकी वर्षांची ती दाढी. पोस्टरवर होती, सदऱ्यांवर होती. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी सफाचट करून आला! मी विचारलं का, तर म्हणतो खाज सुटते. सगळी पोस्टरं परत छापली आम्ही."

"पेनड्राइव्ह कुठे होता सकाळपासून?"

"योरिटच्या गळ्यात. झोपतानाही काढत नाही तो."

औक्याच्या कपाळाला आठी पडली. गळ्यातल्या पेनड्राइव्हमध्ये परक्या माणसाने शिट्टी भरायची कशी?

वेसल तंबूच्या मागे गवतात बसला होता. औक्या शेजारी बसली तशी त्याने पहिलाच प्रश्न केला.

"त्याच्याशी बोलताना समोर उभ्या राहताय ना? उजेडात?"

"अजून भेटलेच नाही मी त्याला. वेसल, काल तू काय ओरडत होतास?"

त्याने गवताची काडी उपटली.

"आज तुझं नाव पुढे येणार आहे. रोकुसचं तर आलंच आहे. पोलिस निघालेत. बोल."

"रोकुसने काही केलेलं नाही."

"मग कुणी केलं?"

वेसल ओठ चावत तळ्याकडे बघत राहिला. चाळिशीकडे झुकलेला तो माणूस, पण गोदामाच्या दारात पकडला गेलेला सोळा वर्षांचा पोरगाच तिच्या शेजारी बसला होता.

"मी केलं असं लिहून घ्या," तो म्हणाला.

औक्या हबकली. "तू केलंस?"

"लिहून घ्या म्हटलं ना."

"शिट्टी किती वेळाची होती? कधी भरलीस?"

त्याने तोंड फिरवलं.

४

प्रथमोपचाराच्या तंबूत डॉक्टर सीत्से योरिटचे कान तपासून हात पुसत होते. ओठ पार झाकून टाकणाऱ्या भरघोस मिशांचा हे म्हातारे डॉक्टर काही विचारायचे आणि योरिट मान हलवायचा. "कळत नाही, लिहा." मग डॉक्टर पाटीवर लिहायचे. पाटी भरली होती.

"पडदा फाटलेला नाही," ते औक्याला म्हणाले. "पण आतल्या नसांचं वरून दिसत नाही. इस्पितळात न्यायला हवं. गाडी मागवलीय."

औक्याने पाटी घेऊन पुसली आणि लिहिलं, 'काल वेसलशी भांडण कशावरून?'

योरिटने वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य उमटलं. "भांडण? कसलं भांडण? काल तर आम्ही भांडलोच नाही."

मित्राला पाठीशी घालतोय, असं तिला वाटलं. तिने लिहिलं, 'पेनड्राइव्ह कुणाकडे दिला होतास?'

"सकाळी टेबलावर राहिला होता. कुणीही घेतला असेल."

हे खोटं होतं. फेनाने नुकतंच उलट सांगितलं होतं. पण आत्ता हातात पाटी घेऊन या हादरलेल्या माणसाशी वाद घालायचं तिच्या जिवावर आलं. ती डॉक्टरांकडे वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "याच्या आईला कळवायला हवं. हार्लिंगनलाच असते अजून, मी फोन करते."

"आईला नको!" योरिट म्हणाला. "प्लीज, औक्या. तिचं हृदय आधीच कमजोर आहे."

औक्याच्या हातातली पाटी तशीच राहिली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, तिने डॉक्टरांकडे.

त्याला ऐकू येत होतं!

म्हणजे सगळं सोंग? ती किंकाळी, ते गुडघे टेकून बसणं? ती काही बोलणार तेवढ्यात डॉक्टर शांतपणे योरिटच्या मागे गेले. टेबलावरचा चिमट्या-कात्र्यांनी भरलेला स्टीलचा ट्रे त्यांनी उचलला आणि खाली सोडून दिला.

तो खणखणाट बाहेरपर्यंत गेला. दारातला पहारेकरी आत डोकावला. औक्या जागच्या जागी उडाली.

योरिटची पापणीसुद्धा लवली नाही. तो औक्याच्याच तोंडाकडे बघत होता. ती का दचकली ते न कळून, तो हळूच मागे वळला.

५

औक्या बाहेर येऊन पाण्याच्या पिंपावर बसली. त्याला ऐकू येतं आणि त्याला ऐकू येत नाही. दोन्ही तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

समोरून पोलिस रोकुसला घेऊन चालले होते. डबी त्याच्या पेटीत मिळाली, त्याचं योरिटशी पटत नव्हतं, शिवाय यंत्राची माहिती त्यालाच. एवढ्यावर त्यांचं भागलं होतं. गाडीत बसताना रोकुस वळून म्हणाला, "वीस वर्षं झाली, बाई. यांचा पहिला स्पीकर मी जोडलाय."

ते ऐकून तिला बसवेना. ती उठली आणि उठता उठता तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. मिशावाल्या डॉक्टरांचं त्याला एक अक्षर कळत नव्हतं. तिचं मात्र डॉक्टरांशी हळू बोललेलंही कळलं, कारण ती वळली तरी तिचा चेहरा त्याला दिसत होता.

तिने पोलिसांना पाच मिनिटं थांबायला सांगितलं, वेसलचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच तंबूत नेलं.

योरिटसमोर उभी राहून तिने हात तोंडावर आडवा धरला.

"योरिट, तुझ्या आईला मी फोन केलाय."

तो नुसता बघत राहिला. मग तिने हात खाली घेतला आणि आवाज न काढता फक्त ओठ हलवले. "तुझ्या आईला मी फोन केलाय."

"नको म्हटलं होतं ना मी!" तो ताडकन उठला.

आणि मग त्याला कळलं. तो हळूहळू परत खाली बसला, जसा हवा गेलेला फुगा बसतो.

"ओठ वाचतोस तू," औक्या म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ते त्याला कळणार नव्हतं. "ही काही चार तासांत येणारी विद्या नव्हे. वर्ष-दोन वर्षं लागतात. दोन वर्षांपासून तू मागून मारलेल्या हाकांना ओ देत नाहीस. दोन वर्षांपासून स्टेजवर अनवाणी उभा राहतोस. लोक म्हणतात शैली आहे. तू तळपायांनी ताल धरतोस, पोरा. शिट्टी तू भरलीस. डबी तू काढलीस. आज तू बहिरा झालाच नाहीस. आज फक्त तसं जाहीर करायचं होतं."

योरिटने मान खाली घातली. मग म्हणाला, "अपघातात कान गेला तर लोक हळहळतात. बहिरा माणूस दोन वर्षं आपल्याला नाचवत होता, हे कळलं तर काय म्हणतील? लबाड म्हणतील. मलाही आणि यालाही." त्याने वेसलकडे पाहिलं नाही. "आणि मी असेपर्यंत हा बर्लिनला जाणार नव्हता. मी बाजूला झालो की सुटला असता."

"खुंटी शेवटापर्यंत का फिरवलीस?"

"खोटं वाटू नये म्हणून. डाव्या कानात थोडंसं उरलं होतं. अगदी खालचा सूर लागला की कळायचं." त्याने डाव्या कानाला हात लावला. "आता नाही. ते गेलं आज. इतकं होईल असं वाटलं नव्हतं मला."

औक्या त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"आणि रोकुस?" तिने विचारलं. "त्याला गाडीत बसवलंय, माहीत आहे?"

योरिटने तिचे ओठ वाचले, आणि वाचलेलं चुकलं असेल म्हणून परत विचारलं, "कोण? रोकुस? का?"

"डबी त्याच्या पेटीत मिळाली."

"टेबलाखालच्या अंधारात हाताला लागलं त्यात टाकली मी. मला वाटलं, निसटून पडली असं म्हणतील..." त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "त्याला सोडवा. आत्ता. मी येतो."

तो उठला तेव्हा वेसल आडवा आला. तो योरिटच्या अगदी समोर, उजेडात उभा राहिला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

योरिट बघत राहिला.

"दोन वर्षं ठाऊक होतं. रॉटरडॅमला तू चुकीच्या ठिकाणी सूर सोडलास आणि तुला कळलंसुद्धा नाही, त्या दिवसापासून. तू माझ्या तोंडाकडे बघायला लागलास. म्हणून दाढी काढली, गाढवा. तुला नीट दिसावं म्हणून."

औक्याने डोळे मिटले. दाढी! ते एवढं समोर असून तिला दिसलं नव्हतं.

"काल बसमध्ये सांगत होतो तुला," वेसल पुढे म्हणाला. "मला सगळं ठाऊक आहे म्हणून ओरडलो. तीन वेळा. तू पाठ करून उभा होतास आणि पाठमोराच राहिलास. तुझं तोंड फिरवून सांगायची मला हिंमत झाली नाही. काल झाली असती तर आज तुझा तो कान..."

त्याला पुढे बोलवेना. त्याने योरिटच्या छातीवर एक गुद्दा मारला. जोराचा. मग त्याच शर्टात तोंड खुपसून रडायला लागला. योरिटचे हात बराच वेळ हवेतच राहिले. त्याला तो आवाज ऐकू येत नव्हता. नुसते हुंदके छातीला लागत होते.

६

पोलिसांनी योरिटचा जबाब घेतला. खोट्या बनावाचं पुढे काय व्हायचं ते होईल, असं सांगून ते गेले. इस्पितळाची गाडी झाडाखाली थांबून होती. योरिटने चालकाकडून आठपर्यंतचा वेळ मागून घेतला.

रोकुसला मोकळं केलं. योरिट त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि जे सांगायचं ते सांगितलं. रोकुसने ऐकून घेतलं. पुढे केलेला हात त्याने घेतला नाही. आपली पेटी उचलली आणि चालू लागला. कुणी त्याला अडवलं नाही. अडवायला तोंड होतं कुणाला?

साडेसहाला मैदान भरलं. तळ्यावर अजून लख्ख ऊन होतं. फेनाने चार ओळींचा कागद तयार केला होता, प्रकृतीच्या कारणास्तव वगैरे. योरिटने तो घडी करून तिच्या हातात परत दिला.

"मी सांगतो."

"काय सांगणार?"

"जे आहे ते."

"वेडा आहेस का? तीस हजार माणसं आहेत. बाटल्या फेकतील."

"फेकू देत. बाटली येताना तरी दिसते."

सात वाजता तो एकटा वर गेला. वेसल पायऱ्यांपाशी थांबला. औक्या मैदानाच्या मधोमध, आवाजाची यंत्रं असतात त्या मांडवात उभी राहिली, कारण तिथून गर्दीवर नजर ठेवता येते. मांडवात बदलीची तंत्रज्ञ मुलगी घाबरून बसली होती.

त्या मुलीच्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला. ती उठली, आणि तिच्या जागी रोकुस बसला. त्याने औक्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

योरिटने माइक हातात घेतला.

"मी..." एवढाच शब्द, पण तो असा फुटला की पुढच्या रांगांतल्या माणसांनी कानांवर हात नेले. आपण किती मोठ्याने बोलतोय हे सांगायला त्याच्याजवळ आता काहीच उरलं नव्हतं. गर्दीत कुणीतरी हसलं. कुणीतरी शिट्टी मारली.

रोकुसचं जाड बोट माइकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीवर आलं आणि ती पट्टी त्याने हळूच खाली ओढली.

"मी दोन वर्षं बहिरा आहे," योरिट म्हणाला. आता त्याचा आवाज साध्या माणसाचा, शेजारी बसून बोलावं तसा, मैदानाच्या शेवटच्या टोकापर्यंत गेला. "तुम्हाला सांगितलं नाही. वेसललाही सांगितलं नाही. आणि आज एका भल्या माणसाला माझ्यामुळे पोलिसांच्या गाडीत बसावं लागलं."

हसणं थांबलं. तीस हजार माणसं नुसती उभी राहिली. औक्याने इतक्या माणसांची इतकी शांतता कधी ऐकली नव्हती, आणि ज्याच्यासाठी ती होती त्याला ती ऐकू येत नव्हती.

तो बोलत राहिला. कधी आवाज चढायचा, कधी शब्दाच्या मध्येच बसायचा. प्रत्येक वेळी ते बोट त्याच्याबरोबर वर जायचं, खाली यायचं. ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येऊ नये इतकं बेताने.

"रोकुस," औक्या हळूच म्हणाली, "माफ केलंस त्याला?"

"नाही," रोकुस म्हणाला. नजर त्या पट्टीवर. "पण या लोकांच्या कानांनी माझं काय घोडं मारलंय?"

योरिटचा आवाज पुन्हा चढला, आणि रोकुसने तो पुन्हा सांभाळून खाली घेतला.